उच्छ्वासाचा सांधा

यंत्रयुगाच्या बखरी ज्यांनी लिहिल्या त्यांनी बल उत्पन्न करणाऱ्या अवयवांचे गुणगान मुक्तकंठाने केले. बाष्पपात्र, सिलिंडर, दट्ट्या आणि चाक यांच्या जन्मकथा क्रमिक पुस्तकांपर्यंत पोहोचल्या. परंतु बल उत्पन्न होऊन गेल्यावर उरणारी तप्त वाफ अथवा वायू बाहेर वाहून नेणारी नळी, आणि त्या नळीला एखाद्या ठिकाणी वाकण्याची, ताणण्याची व आक्रसण्याची मुभा देणारा लहानसा सांधा, यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आज नागपुरातील एखादा तरुण आपल्या वेगवान मोटारीच्या एक्झॉस्टसाठी फ्लेक्स पाइप विकत घ्यावयास निघतो तेव्हा ती वस्तू त्याला कालपरवाची वाटते. वस्तुतः तिने सोडविलेला प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना आहे, तो या शहरात वाफेच्या पाठोपाठ आला, आणि तो ज्याला नीट उमगला त्यालाच त्या वस्तूची निवड नीट करता येते, अशी माझी धारणा असल्यामुळे त्याची हकीकत येथे थोड्या विस्ताराने मांडावयाची आहे.

रघूजी भोसले तिसरे १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडून नागपूरला येऊन पोहोचला. आणि १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरविण्यात आली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलचे येथे उद्‌घाटन झाले. कापसाच्या मुलखात, कोळशाच्या खाणींपासून फार दूर नसलेल्या जागी गिरणी उभारण्यात टाटांची जी दूरदृष्टी होती तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या गिरणीबरोबर बाष्पशक्तीचा एक नवा नियमही या शहराच्या कारागिरांच्या अनुभवात आला, तो असा की तापलेले लोखंड आपल्या जागी राहत नाही.

हा नियम शब्दांत साधा आहे. त्याचा आवाका मात्र आकड्यांतच कळतो. साध्या पोलादाची तीस मीटर लांबीची वाफेची नळी दीडशे अंश सेल्सिअसने अधिक तापली तर ती सुमारे चोपन्न मिलिमीटरने, म्हणजे दोन इंचांहून अधिक, वाढते. आणि ही वाढ अडवून धरण्याची ताकद कोणत्याही भिंतीत, कंसात वा बोल्टात नसते. दोन्ही टोकांनी जखडलेली नळी एक तर स्वतः वाकते, नाही तर जखडणाऱ्या वस्तूला उखडून काढते, नाही तर जोडाच्या ठिकाणी फाटते. म्हणून वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांत लांब नळ्यांना ठिकठिकाणी मुद्दाम मोठे अर्धवर्तुळाकार वळण देण्याची, अथवा एक नळी दुसरीत सरकेल असे सांधे बसविण्याची पद्धत पडली. आजही कोराडीच्या किंवा खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राजवळून जाताना नळ्या विनाकारण वळसे घेत गेल्यासारख्या दिसतात, त्यांचे कारण हेच. नळीला हालचालीची जागा नेमून दिली नाही, तर ती जागा ती स्वतःच शोधते.

रेल्वेच्या इंजिनात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ वाया गेलेली वस्तू आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु ती धुराड्याच्या तळाशी एका अरुंद तोंडातून वर फेकली जाई, तिच्या वेगामागे अग्निपेटीतील ज्वाला नळ्यांतून ओढली जाई, आणि इंजिन जितके अधिक कष्ट करी तितका त्याचा जाळ आपोआप अधिक प्रखर होई. उच्छ्वासाने श्वास ओढावा, अशी ही योजना होती. तिच्यातील वाट मोकळी व गळतीरहित राहणे किती महत्त्वाचे असे, हे नागपूरच्या मोतीबाग लोको शेडमधील कारागिरांना कोणी पुस्तक वाचून दाखवावे लागत नव्हते. अरुंदमापी गाड्यांची ती छोटी इंजिने त्यांच्याच हातांखालून जात, आणि त्यांतील काही आज तेथील रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळतात.

या उच्छ्वासाच्या वाटेवर लवचीक सांधा बसविण्याचे सर्वांत भव्य उदाहरण ज्या कंपनीने हिंदुस्थानात चालवून दाखविले तिच्या नावातच नागपूर होते. बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग ताब्यात घेऊन तिने तो रुंद केला आणि पूर्वेकडे वाढविला. पुढे कोळशाच्या व खनिजाच्या अतिजड गाड्या चढणीवरून ओढण्यासाठी तिने १९२५ पासून मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याची गॅरट पद्धतीची इंजिने आणविली. गॅरट इंजिनात बाष्पपात्र मधल्या चौकटीवर असते आणि त्याच्या पुढे व मागे चाकांचे दोन स्वतंत्र संच खिळींवर फिरतात, ज्यामुळे इतके लांब यंत्र वळणावर रुळांप्रमाणे वळू शकते. परंतु याचाच अर्थ असा की बाष्पपात्रातून सिलिंडरांकडे जाणारी आणि सिलिंडरांतून धुराड्याकडे परतणारी वाफ अशा ठिकाणांवरून न्यावी लागे जेथे दोन्ही बाजूंचे लोखंड एकमेकांच्या संदर्भात सतत हलत असे. तेथे गोल वाटीत गोल डोके बसवून, खिळीच्या शक्य तितक्या जवळ, फिरते सांधे ठेवण्यात आले. सांध्याची जागा खिळीपासून जितकी दूर तितकी त्याला अधिक हालचाल सोसावी लागे. म्हणून तो केवळ चांगला असून भागत नसे, योग्य जागी असावा लागे. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण आजच्या मोटारीच्या पोटाखाली ती जशीच्या तशी लागू पडते.

एव्हाना दूर जर्मनीत या प्रश्नाचे एक अगदी निराळे उत्तर जन्माला आले होते, आणि तेही लोहाराच्या भट्टीत नव्हे. फोर्त्सहाइम हे दागिने घडविणारांचे गाव. तेथील अलंकार-व्यावसायिक हाइन्रिख वित्सेनमान आणि फ्रान्समधील त्याचा सहकारी यूजेन लव्हाव्हासर यांनी १८८५ साली धातूची लवचीक नळी सिद्ध केली. तिचे बीज होते त्या काळच्या एका दागिन्यात, जो हंसाच्या गळ्यासारखा वळत असे. धातूची अरुंद पट्टी विशिष्ट आकारात दुमडून, तिच्या एका वेढ्याची कड पुढच्या वेढ्याच्या कडेत अडकवीत वळसे देत गेले की कडा एकमेकींतून सरकतात, पण सुटत नाहीत, आणि ताठ धातूची नळी वाकू लागते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वेस्टन फुल्टन याने एकसंध धातूच्या पातळ नळीला वळ्या पाडून बेलोज तयार केला. त्यात कडांचा सांधाच नसल्यामुळे वायू गळण्यास वाव राहिला नाही. १९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत व शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद हाती आले. आज बाजारात मिळणाऱ्या उत्तम फ्लेक्स पाइपात सोनाराची ती गुंतवलेली पट्टी, फुल्टनचा वळ्यांचा बेलोज आणि क्रोमियमयुक्त पोलाद, हे तिन्ही वारसे एकत्र नांदत असतात.

आता वेगवान मोटारींकडे वळू. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने सुपरचार्जर लावलेल्या शर्यतीच्या धाटणीच्या मोठ्या गाड्या काढल्या, आणि त्यांच्या बॉनेटच्या कुशीतून वेटोळ्यांच्या, झळझळीत, मनगटाहून जाड अशा धातूच्या नळ्या बाहेर काढून पुन्हा खाली नेल्या. अमेरिकेत ड्यूसेनबर्गने १९३२ मध्ये आपल्या सुपरचार्ज केलेल्या एसजे नमुन्यावर तीच रीत स्वीकारली. आठ सिलिंडरांचे, सुमारे सहा लिटर नऊशेचे, ३२० अश्वशक्तीचे ते इंजिन त्या काळी रस्त्यावरच्या मोटारींत जवळपास अद्वितीय होते. आणि बाहेर दिसणारी ती लवचीक नळी हीच त्या सामर्थ्याची जाहीर सनद होऊन बसली. असे असल्यावर जे व्हायचे तेच झाले: ज्यांच्या गाडीत सुपरचार्जर नव्हता असेही काही धनिक केवळ दिमाखासाठी त्या नळ्या मागवून घेऊ लागले. एक्झॉस्टच्या भागांची निवड कामासाठी करावी की देखाव्यासाठी, हा आजच्या तरुणांपुढचा पेच अशा रीतीने निदान नव्वद वर्षांइतका जुना आहे.

या एसजे गाड्यांपैकी अत्यंत प्रसिद्ध अशी एक गाडी एका मराठी राजाने बनवून घेतली. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्या घराण्याला नाव मिळाले त्या होळकरांच्या गादीवर १९२६ मध्ये आलेले दुसरे यशवंतराव हे नव्या युगाच्या वस्तूंचे मर्मज्ञ रसिक होते. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून पूर्णपणे आधुनिक शैलीत सजविला, आणि मोटारींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तितकीच चोखंदळ होती. त्यांनी १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्गची चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून दोनच आसनांचा लांबलचक सांगाडा चढवून घेतला; रंग भगवा आणि काळा. होळकरांची पसंती या गाडीपुरती मला थोर वाटते ती एवढ्याचसाठी की तेथे नळीही खरी होती आणि तिच्यामागचे बलही खरे होते.

नागपूरच्या वाट्याला असे वैभव येणे शक्य नव्हते. येथील दरबार मोटार जन्मण्यापूर्वी तीन दशके संपलेला होता. मोटार आली ती साहेब अंमलदार, गिरण्यांचे व्यवस्थापक, सीताबर्डीच्या आसपासचे नामांकित वकील, मँगनीजच्या खाणींचे मालक आणि मोठे मालगुजार यांच्या दारी. पण सामान्य माणसाच्या आयुष्यात ती शिरली ती बस आणि मालमोटारीच्या रूपाने. या शहराच्या इतिहासात मोटारीचे काम वेगाचे कधीच नव्हते; ते वाहून नेण्याचे होते. देशाच्या रस्त्यांचा आराखडा १९४३ च्या डिसेंबरात मुख्य अभियंत्यांच्या ज्या परिषदेने आखला ती येथेच भरली आणि तो आराखडा 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखला गेला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही वर्गवारी त्याच दस्तऐवजाने रूढ केली. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग नागपुरात एकमेकांस छेदतात, आणि त्यामुळे चारी दिशांचे ट्रक या शहरात थांबतात व दुरुस्त होतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातील प्रांतिक परिवहन सेवा मुंबई राज्याच्या मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली, आणि पुढे दापोडी व चिकलठाण्याच्या बरोबरीने नागपूरजवळच्या हिंगण्यालाही एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली.

जड वाहनात इंजिन रबराच्या गाद्यांवर हेलकावे खाते आणि सायलेन्सर चासीला टांगलेला असतो. या दोहोंमधील नळी ताठ ठेवली तर ती काही महिन्यांत मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी चिरते. येथे वित्सेनमानची गुंतवलेल्या पट्टीची नळी फार उपयोगी पडली. ती थोडीशी गळते, पण डिझेल इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये त्या गळतीने फारसे बिघडत नसे. नागपूरच्या जुन्या मिस्त्रींपैकी ज्यांच्याशी मला बोलावयास मिळाले ते सारे एक गोष्ट आवर्जून सांगत: पाइप तुटला की आधी पाइपाकडे पाहू नये, इंजिनाच्या माउंटिंगकडे पाहावे, गादी बसलेली असेल तर आज बदललेला पाइप उद्या पुन्हा तुटेल. माझ्या मते फ्लेक्सिबल भागांच्या निवडीचे हे पहिले सूत्र आहे, आणि कोणत्याही परदेशी सूचीपत्रात ते इतक्या थोडक्यात सापडणार नाही.

छोट्या मोटारींत हा प्रश्न बराच काळ सौम्य राहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून येणारी फियाट आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर या दोन्हींत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असे. ते आपल्या अक्षाभोवती डुले, आणि नळी त्याच दिशेने मागे जात असल्यामुळे तिला थोडा पीळ बसे, फार वाकावे लागत नसे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि इंजिन आडवे बसविण्याची रीत भारतीय रस्त्यांवर सार्वत्रिक होऊ लागली. आडवे इंजिन प्रत्येक वेळी क्लच सोडताना, ब्रेक लागताना, गतिरोधकावरून उतरताना पुढे-मागे झुलते, आणि त्या झुल्याबरोबर नळीचे पुढचे टोक वर-खाली ओढले जाते. म्हणून अशा गाड्यांत कोठे गोलाकार गॅस्केट व स्प्रिंगच्या बोल्टांचा सांधा, तर कोठे जाळीने मढविलेला बेलोज, अशा एकाची तरी योजना अपरिहार्य झाली. पहिला सांधा पाहिला की मला बंगाल-नागपूर रेल्वेच्या गॅरटची आठवण होते; तत्त्व तेच, आकार मुठीएवढा.

दुसरे स्थित्यंतर कायद्याने घडविले. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनाच्या अगदी जवळ सरकला. नळीत ऑक्सिजन मोजणारे सेन्सर बसले. याचा परिणाम असा की पूर्वी जी बारीक गळती केवळ फटफट आवाज करी, ती आता सेन्सरच्या आधी झाल्यास बाहेरची हवा आत ओढली जाऊन संगणकाला खोटी साक्ष मिळते, इंधनाचे प्रमाण चुकते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. जुनी गुंतवलेल्या पट्टीची नळी अशा जागी उघडीवाघडी चालत नाही. तेथे वायुरोधक बेलोजच हवा.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. चांगल्या फ्लेक्स पाइपात तीन थर असतात: सर्वांत बाहेर पोलादी तारांची विणलेली जाळी, जी नळीला प्रमाणाबाहेर ताणू देत नाही, मध्ये वळ्यांचा बेलोज, जो खरे वाकण्याचे व वायू कोंडून धरण्याचे काम करतो, आणि आत एक अस्तर, जे वायूला वळ्यांवर आदळू न देता सरळ पुढे नेते. स्वस्त मालात अस्तर एक तर नसते किंवा तारांच्या जाळीचेच असते. घरून कचेरीला जाणाऱ्या गाडीला ते पुरते. परंतु टर्बो लावलेल्या, जोराने चालविल्या जाणाऱ्या पेट्रोल गाडीत, जेथे टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, तेथे आतली तारांची जाळी उसवते, तिचे तुकडे मागे कन्व्हर्टरवर जाऊन आदळतात आणि नळीचे तोंड अंशतः बंद करतात. अशा गाडीला गुंतवलेल्या पट्टीचे, म्हणजे इंटरलॉक पद्धतीचे, अस्तर घ्यावे, आणि त्याच्यावर प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो मागच्या दिशेलाच ठेवावा.

व्यासाविषयी तरुणांत एक गैरसमज प्रचलित आहे की नळी जितकी मोठी तितके बल अधिक. फ्लेक्सचा आतील व्यास त्याच्या पुढच्या व मागच्या नळीइतकाच असावा. तो मोजताना बाहेरची जाळी नव्हे, आतले अस्तर मोजावे, कारण बाहेरून अडीच इंचांचा दिसणारा माल आतून बराच अरुंद निघू शकतो. रेल्वेच्या कारागिरांना उच्छ्वासाच्या वाटेचा जो हिशेब अनुभवाने पाठ होता तो येथेही खरा आहे: वाट अडली की श्वासही कोंडतो, आणि अकारण रुंद झाली की वायूचा वेग मंदावतो.

पोलादाची परीक्षा हा विषय नागपूरकराला अधिक जवळचा असावयास हवा. उत्तम फ्लेक्समध्ये ३०४ अथवा ३२१ या जातीचे पोलाद वापरतात, ज्यात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ-नऊ टक्के निकेल असते. ३२१ मध्ये थोडे टायटॅनियमही असते, जे दीर्घकाळच्या उष्णतेत क्रोमियमला कार्बनपासून वाचविते आणि वेल्डिंगच्या आसपास गंज धरू देत नाही. बाजारात मात्र निकेल महाग म्हणून त्याच्या जागी मँगनीज घातलेले २०० मालिकेचे पोलाद सर्रास ३०४ च्या भावाने खपविले जाते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांच्या भूगर्भातून निघणारे मँगनीज पोलादाच्या धंद्याचे भूषण आहे, आणि ते खणणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. परंतु एक्झॉस्टच्या तप्त भागात निकेलची उणीव त्याने पूर्णपणे भरून निघत नाही. चुंबक लावून पाहण्याची जी रीत आहे तिच्यावर विसंबू नये: २०१ आणि ३०४ या दोन्ही जातींना चुंबक जवळपास चिकटत नाही, आणि वळ्या पाडताना ताणले गेलेले अस्सल ३०४ सुद्धा त्याला किंचित दाद देते. ज्या मालावर पोलादाची जात कोरलेली असते आणि ज्याचा विक्रेता पक्की पावती देतो, तोच घ्यावा.

जागेविषयी गॅरटचा धडा आहेच. आडव्या इंजिनाच्या गाडीत फ्लेक्स इंजिनाच्या डुलण्याच्या अक्षाच्या शक्य तितका जवळ हवा. तो उगाच मागे सरकविला तर नळीच्या लांब तरफेमुळे त्याला अनेक पट अधिक हालचाल सोसावी लागते. बेलोज वाकणे सहन करतो, थोडे ताणणे-दबणे सहन करतो, पण पीळ त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या आधी सरळ रेषेत टांगून, हँगरची रबरे नवी घालून, मगच फ्लेक्स मध्ये बसवावा. नळी जुळत नाही म्हणून फ्लेक्स ओढून जुळविणे हा आमच्याकडे नित्य आढळणारा प्रमाद आहे. तसे केलेला सांधा पहिल्याच दिवशी आपली सगळी सहनशक्ती खर्च करून बसतो आणि पुढे इंजिनाच्या झुल्यासाठी त्याच्यापाशी काहीही शिल्लक राहत नाही. वेल्डिंग टोकाच्या कॉलरवरच करावे, जाळीवर कधीही नव्हे. आणि दोन मीटरची स्टेनलेस नळी चारशे अंशांनी तापली तर जवळजवळ चौदा मिलिमीटर वाढते, हे ध्यानात घेऊन मागच्या हँगरना तेवढी मोकळीक ठेवावी.

येथे नागपूरच्या उन्हाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मे महिन्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो आणि गाडीत काहीही बिघडले की दोष उन्हाला देण्याची प्रथा पडली आहे. पण ज्या नळीतून कित्येकशे अंशांचा वायू वाहतो तिला बाहेरच्या हवेतील वीस अंशांच्या फरकाने फारसे काही होत नाही. उन्हाने त्रास होतो तो रबराला: हँगर आणि इंजिनाच्या गाद्या कडक होऊन तडकतात, आणि मग त्यांचे काम फ्लेक्सच्या अंगावर येते. फ्लेक्सचा खरा शत्रू पावसाळ्यात आहे. काळ्या मातीचा चिकट चिखल जाळीत बसून वाळतो, वळ्यांना हलू देत नाही आणि ओल धरून ठेवतो. त्यातच रोजची दोन-तीन किलोमीटरची धाव झाली की नळी पुरती तापत नाही, आतले पाणी वाळत नाही आणि गंज आतूनच सुरू होतो. म्हणून पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याची धार खालूनही फिरवावी, आणि अधूनमधून तिला लांबच्या रस्त्यावर नेऊन चांगली तापवावी.

लांबचा रस्ता आता या शहराला लाभला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर. ज्या शहराचा मोटारींशी शतकभर ओझे वाहण्यापुरता संबंध होता, त्याच्या वेशीपासून प्रथमच असा रस्ता निघाला जेथे इंजिन तासन्‌तास एकाच जोरात चालते. शहरातील झटक्यांनी फ्लेक्स थकतो. महामार्गावरील अखंड उष्णतेने तो निराळ्या रीतीने थकतो. आणि पोलादाची जात व अस्तराचा प्रकार यांचा कस खऱ्या अर्थाने तेथे लागतो.

वेगाबरोबर आवाजाचा मोहही आला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची दृश्ये आपण पाहिली आहेत, आणि त्या कारवाईशी मी पूर्णपणे सहमत आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ नि:संदिग्धपणे सांगितला. आणि आवाज व प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. थकलेल्या फ्लेक्सच्या जागी त्याच मापाचा, अधिक चांगल्या पोलादाचा फ्लेक्स बसविणे ही दुरुस्ती होय; त्या निमित्ताने कन्व्हर्टर कापून काढणे वा सायलेन्सर पोकळ करणे हा गुन्हा होय. गाडीच्या सामर्थ्याचा अभिमान बाळगणाऱ्याने या दोहोंतील सीमा स्वतः होऊन पाळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेजारच्या घरात अर्भके निजलेली असतात आणि वृद्ध आजारी असतात.

फ्लेक्स बसविल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी पिटावर घ्यावी आणि थंड असताना जाळीची दोन्ही टोके बोटांनी चाचपून पाहावीत. तेथे काळी काजळी आढळली तर बेलोज आतून फाटला आहे; एकाच बाजूची जाळी ताणलेली व दुसऱ्या बाजूची फुगलेली असेल तर नळी तिरकी टांगलेली आहे; आणि जाळी शाबूत असूनही क्लच सोडताना ठकठक ऐकू येत असेल तर नवा फ्लेक्स मागविण्याआधी मिस्त्रीकडून इंजिनाच्या गाद्या तपासून घ्याव्यात.